मुरमातली मेथी

कुरिअरची खोकी, सोयाबीनचं भुसकट आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांमधलं मूठ-मूठ धान्य... सटाण्यातल्या एका घरामागे सध्या माती ‘तयार’ होतेय. विकत आणलेली नाही, घरी केलेली!

खरं सांगा, ऑनलाइन शॉपिंगच्या खोक्यांचं तुम्ही काय करता? बाल्कनीत रचून ठेवता आणि महिन्याने भंगारवाल्याला देऊन टाकता, बरोबर? मीही तेच करायचे. गेली दोन वर्षं मात्र माझी खोकी पुण्याहून सटाण्याला जातात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, चपटी करून, सुतळीने बांधून. पहिल्यांदा नेली तेव्हा क्लीनरने विचारलं, ‘मॅडम, खोक्यांत काय आहे?’ म्हटलं, ‘खोकीच आहेत.’ त्याने एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लगेजचे पैसे जरा जास्तच लावले.

तर ही खोकी जातात आमच्या घरामागच्या बारा बाय वीस फुटांच्या तुकड्यावर. तिथे ती अंथरली जातात, भिजवली जातात आणि पाच-सहा महिन्यांत दिसेनाशी होतात. त्यांच्या जागी जे उरतं, त्याला आता आमच्या घरात कुणी मुरूम म्हणत नाही.

सटाणा म्हणजे बागलाण तालुक्याचं गाव. नाशिकपासून नव्वदेक किलोमीटर. आरम नदी, देवमामलेदार यशवंतराव महाराजांचं मंदिर, मार्गशीर्षातली यात्रा आणि तालुक्याच्या टोकाला साल्हेर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांना मिळून इकडे ‘कसमादे’ म्हणतात. इथला प्रत्येक दुसरा माणूस तुम्हाला कांद्याचा आजचा भाव सांगेल. मका आहे, डाळिंब आहे, आणि बाकीच्या राज्याच्या आधी बाजारात उतरणारी ‘अर्ली’ द्राक्षं आहेत. अशा गावात राहून आमच्या परसात धड गवत उगवत नव्हतं. लाजच की!

पण त्यालाही कारण होतं.

तेलाचा डाग

मी सातवीत असताना, २००८ साली, आमची डाळिंबाची बाग गेली. तेल्या. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना कसं सांगू? फळावर तेलाचा थेंब पडावा तसा एक डाग दिसतो. मग तो काळपट होतो, मग फळ तडकतं. आठवड्यापूर्वी व्यापाऱ्याला दाखवलेली बाग बघता बघता कुणी विचारेनासं होतं. त्या काही वर्षांत कसमादेत आणि तिकडे सोलापूर भागात कित्येक बागा अशाच गेल्या. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन हंगाम फवारण्या केल्या, कर्ज केलं आणि तिसऱ्या वर्षी झाडं उपटून बांधावर पेटवून दिली. जमीन भावाकडे वाट्याने दिली आणि आम्ही सटाण्यात राहायला आलो.

‘माती मेली,’ एवढंच ते म्हणायचे. पुढे कित्येक वर्षं त्यांनी शेतात पाय ठेवला नाही.

आज वाचून-विचारून मला माहीत आहे, की तेल्याला मातीला दोष देणं बरोबर नाही. तो जिवाणूजन्य रोग आहे. पावसाळी, दमट हवेत फोफावतो. रोगट झाडाची कलमं, छाटणीची कात्री, पावसाचे उडालेले थेंब यांतून पसरतो. मातीतून येते ती ‘मर’, ती वेगळी. पण हे मी आप्पांना कधी समजावलं नाही. ज्याची बाग जळाली त्याला जिवाणूचं शास्त्रीय नाव सांगून काय होणार?

नव्या कॉलनीत प्लॉट घेतला. खोलगट भाग म्हणून बिल्डरने मुरूम टाकून रोलर फिरवला होता. घर बांधून झाल्यावर परसात उरलं ते असं : मुरूम, सिमेंटचे गड्डे, फुटक्या टाइल्स. आईला तिथे मेथी-कोथिंबीर हवी होती. सुरुवातीला आम्हीही सगळे करतात तेच केलं. एक ट्रॉली काळी माती आणून टाकली. पावसाळ्यात तिचा चिखल चपलेला सोडेना, एप्रिलमध्ये तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मग नर्सरीतून लाल मातीच्या पिशव्या आणल्या. दोन पावसांत ती वाहून गटारात गेली.

आता मला या ट्रॉलीची जास्त लाज वाटते. कारण ‘चांगली पोयटा माती’ आभाळातून पडत नाही. ती कुणाच्या तरी शेताची वरची वीतभर कातडी असते. आपल्या कुंडीतला मोगरा फुलावा म्हणून कुठेतरी एक शेत सोललं जातं. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये ‘गार्डन सॉइल’ म्हणून गाडीच्या गाड्या उतरतात, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही.

गणिताच्या सरांची शेती

मग मी शोधायला लागले. आपल्याकडचा रिसर्च कसा असतो? आधी अमेरिका. तिथे रूथ स्टाउट नावाच्या बाई भेटल्या. पाठदुखी न होता बाग कशी करावी, यावर त्यांनी १९५५ साली पुस्तक लिहिलं. त्यांची युक्ती म्हणजे जमीन खणायचीच नाही, वर्षभर वाळक्या गवताचा जाड थर टाकत राहायचं. पुढे पुठ्ठा, पाला, खत असे एकावर एक थर रचायच्या पद्धतीला तिकडे ‘लझानिया गार्डनिंग’ असं खमंग नाव मिळालं.

आणि मग माझी ट्यूब पेटली. हे सगळं तर आपल्या घरात झालेलं आहे!

कंपोस्टची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ घ्या. तिचं श्रेय सर अल्बर्ट हॉवर्ड यांना मिळतं आणि ते योग्यच आहे. पण १९३१ साली आलेल्या त्या मूळ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दुसरं नाव आहे यशवंत वाड. ते किती जणांना माहीत असतं? यवतमाळ जिल्ह्यात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेप काका’. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ खत ओळखलं जातं. विटांचं दहा बाय सहा फुटांचं, तीन फूट उंच टाकं बांधायचं, विटांमध्ये हवेसाठी भोकं ठेवायची. त्यात काडीकचरा, माती आणि थोडंसं शेण थरांनी भरायचं. साधारण शंभर किलो शेणात जवळपास तीन टन खत, तीन-चार महिन्यांत! ज्यांच्या दावणीला एकच गाय आहे त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती.

सगळ्यात भारी भेटले ते श्री. अ. दाभोळकर. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे सर. त्यांनी शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा केला. ज्याने जो प्रयोग केला तो त्याने दुसऱ्याला सांगायचा, डिग्रीची अट नाही. आज ज्या द्राक्षशेतीचा आपल्याला अभिमान आहे, तिच्या जडणघडणीत या परिवाराचा मोठा हात आहे. पानावर पडणारं ऊन हीच शेतकऱ्याची खरी कमाई, असा त्यांचा हिशोब. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, हे ते गणिताने मांडायचे. २००१ साली ते गेले. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी नर्मदेकाठी बजवाडा इथे ‘अमृत मिट्टी’ची पद्धत रुजवली. माझ्या परसातली कहाणी सुरू होते ती इथून.

शहरातही हे झालेलं आहे बरं का. वांद्र्यात डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या पिकवायचे. त्यांच्याकडून धडे घेऊन प्रीती पाटील यांनी २००२ पासून तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर बाग फुलवली, किचनच्याच ओल्या कचऱ्यावर. आमच्या नाशिकमध्ये संदीप चव्हाण ‘गच्चीवरची बाग’ या नावाने लोकांना हेच शिकवत आलेत. म्हणजे आपण काही जगावेगळं करत नाही आहोत. फक्त आळस झटकायचा आहे.

थंडीत बाजरी?

२०२३ ची दिवाळी. चार दिवस सुट्टी. पाडव्याला ओवाळणी झाल्यावर मी जुना ट्रॅकसूट घालून परसात उतरले.

सगळ्यात आधी मुरमावर भरपूर पाणी मारलं. मग खोकी उघडून, एकमेकांवर वीतभर चढवून अंथरली. टेप आणि स्टिकर काढायचे, चकचकीत रंगीत पुठ्ठा घ्यायचा नाही, हे पथ्य. पुठ्ठ्याचं काम साधं आहे. खालच्या तणाला ऊन मिळत नाही, ओल टिकते आणि पुठ्ठा स्वतः कुजून किड्या-बुरशीचं खाद्य होतो. काही खोकी माझी होती, बरीचशी ओळखीच्या पॅकहाउसमधली, द्राक्षांची.

दरम्यान घरात एका ड्रममध्ये ‘अमृतजल’ तयार होतं. दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज दोन-तीनदा काठीने ढवळायचं आणि वापरताना दहापट पाणी घालायचं. यात खताचा अंश किती असं विचाराल तर फार नाही. ही पोटभर थाळी नाही, हे विरजण आहे. गूळ खाऊन जीवजंतू वाढतात आणि पालापाचोळा कुजवायला लागतात. सुभाष पाळेकरांचं जीवामृतही याच घराण्यातलं, त्यात डाळीचं पीठ आणि मूठभर माती जास्त. या द्रावणांविषयी केले जाणारे सगळेच दावे शास्त्रज्ञांना मान्य नाहीत आणि मलाही त्यांची आरती ओवाळायची नाही. पण नुसत्या पाण्यात भिजवलेला पाला आणि या पाण्यात भिजवलेला पाला यांतला फरक आमच्या परसात तरी नाकाला कळला.

सोयाबीनचं भुसकट, मक्याची वाळकी ताटं आणि कडुनिंबाचा पाला दिवसभर या पाण्यात भिजवला. मग पुठ्ठ्यावर एक थर पाला, मूठ-मूठ जुनी माती, परत पाला. दीड फूट उंच. आई मदतीला होती. आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. शेजारच्या मावशी कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘अय माय! हाई काय करी ऱ्हायनी? दिवाळीले घर झाडतंस, तू कचरा भरी ऱ्हायनी!’

महिन्याने मी परत आले ती बी पेरायला. अमृत मिट्टीची खरी गंमत इथे आहे. पाला कुजला की त्यात खूप प्रकारचं बी एकत्र टाकायचं. कडधान्य, तृणधान्य, मसाले... गोड, तिखट, कडू, तुरट सगळ्या चवींचं. रोपं आली की एकविसाव्या दिवशी थोडी कापून तिथेच अंथरायची, बेचाळिसाव्या दिवशी परत, त्रेसष्टाव्या दिवशी परत. कोवळ्या रोपातून एक गोष्ट मिळते, फुलावर आलेल्यातून दुसरी आणि जून काडीतून तिसरी. वेगवेगळ्या वयाचा पाला, वेगवेगळ्या खोलीची मुळं. मुळं तशीच आत राहतात, कुजतात आणि त्यांच्या जागी हवा-पाण्याच्या नळ्या तयार होतात. मुरमाला पहार लावायची गरज नाही. मुळंच पहार!

मी आईचे डबे उघडून बी निवडत बसले. मूग, बाजरी, मका, मेथी, धणे, मोहरी... तेवढ्यात पेपरमागून आवाज आला.

‘थंडीत बाजरी कोण पेरतं गं?’

मी यादी दाखवली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. उठून आले, ताट पुढे ओढलं आणि बी निवडायला लागले. बाजरी बाहेर, मूग बाहेर. ‘डिसेंबरात सटाण्याचं पाणी हातात धरवत नाही आणि तू बाजरी उगवतेस. हरभरा घे. मेथी घे. मोहरी, धणे, गहू टाक. हुलगा, बाजरी, ताग पावसाळ्याला ठेव. आणि ही ताटं अख्खी का टाकलीस? बोटभर तुकडे कर, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत अशीच राहतील.’

आई माझ्याकडे बघत होती. मी आईकडे. पंधरा वर्षांत आप्पा शेतीवर एवढं सलग बोललेले आम्ही ऐकले नव्हते.

एकविसाव्या दिवशी मी पुण्यात एका डेडलाइनमध्ये अडकले होते. संध्याकाळी आईने फोटो पाठवला. कोवळी मोहरी कापून नीट अंथरलेली आणि फोटोच्या कोपऱ्यात विळा धरलेला हात. हात आईचा नव्हता.

कांदे आणि गांडुळं

सगळं काही छान-छान झालं असं समजू नका.

फेब्रुवारीत मी हुशारी केली. भाजीच्या एका कॅरेटमध्ये गांडूळ खताचा वेगळा प्रयोग लावला. गांडुळांवर चार्ल्स डार्विनने अख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली, त्याचं शेवटचं. तेव्हा मला वाटलं आपणही जरा गांडुळांशी मैत्री करावी. आणि सटाण्यात फुकट काय मिळतं? कांदा! चाळीत सडलेले कांदे रस्त्याकडेला ढिगाने पडलेले असतात. दोन घमेली कांदे कॅरेटमध्ये ओतले. रात्री दोन वाजता आईची किंकाळी. बाथरूमच्या फरशीवर, मोरीत, दाराच्या चौकटीवर... सगळीकडे गांडुळं! कांदा आणि लिंबू-संत्र्याची सालं गांडुळांना सोसत नाहीत, हे मी नंतर वाचलं. वासाचं तर विचारूच नका. मावशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

कांद्याची सुकी टरफलं मात्र मस्त चालतात. हलकी, कोरडी, पटकन कुजणारी. पण सडका कांदा नको. त्याच्याबरोबर कांद्यावरचे रोगही येतात आणि पुढे तिथेच कांदा लावलात तर तो कुजतो. हाही नियम आप्पांचाच.

त्यांचा अजून एक नियम आहे. तो त्यांनी एकदाच सांगितला. मी एका नातेवाइकांकडून छाटणीचा पाला आणणार होते. ‘कसला पाला?’ ‘डाळिंबाचा.’ ते म्हणाले, ‘डाळिंबाचं पान या कुंपणाच्या आत आणायचं नाही.’ मग जरा वेळाने, हळू आवाजात, ‘रोगट पाला जाळायचा असतो. खतात टाकायचा नसतो.’ शास्त्रही तेच सांगतं. पण त्या वेळी ते शास्त्र सांगत नव्हते.

एप्रिलमध्ये वाळवी लागली. पुठ्ठा म्हणजे वाळवीची मेजवानीच, त्यात आमचा उन्हाळा कोरडा. आता आम्ही घराच्या भिंतीपासून तीन फूट जागा मोकळी ठेवतो आणि थर सुकू देत नाही. ओल किती असावी? मूठभर उचलून दाबा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये.

आणि ते यूट्यूबवरचे ‘हॅक्स’! अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुना. यातले बरेच सल्ले आम्लधर्मी मातीसाठी दिलेले असतात. कोकणातल्या जांभ्या मातीला त्यांचा उपयोग होईलही. आपल्याकडची बेसॉल्टची काळी माती मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीची. आमच्या तुकड्याचा सामू आठच्या आसपास निघाला. त्यात अजून राख ओतणं म्हणजे खारट भाजीत मीठ. केळ्याच्या सालीचं पाणी झाडाला घालणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण ती साल सरळ खताच्या डब्यात टाकलीत तर जास्त मिळेल. अंड्याचं अख्खं टरफल मी वर्षभराने उकरून पाहिलं. होतं तसंच होतं.

वास

होळीपर्यंत दीड फुटाचा थर बसून पाच-सहा बोटं उरला होता. मी जरा हिरमुसले. एवढी खोकी, एवढा पाला आणि हाती हे? आप्पांनी तिथली मूठभर माती उचलली. काळीभोर नव्हती, तपकिरी होती, रवाळ. त्यांनी ती चोळली आणि नाकाशी नेली.

पहिल्या पावसाचा जो वास आपण कवितेत वगैरे घालतो, तो मातीतल्या सूक्ष्मजीवांचा असतो. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि माणसाच्या नाकाला ते अगदी कणभर असलं तरी कळतं. नुसत्या मुरमाला हा वास येत नाही. आमच्या परसाला आत्तापर्यंत कधी आला नव्हता.

‘मेंढरं बसवायचो तेव्हा असा वास यायचा,’ आप्पा म्हणाले. मग बोलत राहिले. पूर्वी मेंढपाळ खाली उतरायचे, त्यांचे कळप रात्री शेतात बसवायचे, बदल्यात त्यांना धान्य द्यायचं. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. मोसम नदीवरच्या फडांची गोष्ट सांगितली. बंधाऱ्याच्या पाण्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत, कुठल्या फडात कुठलं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि दरवर्षी पीक फिरवायचं. कुणी एकट्याने उठून मनाला येईल ते लावायचं नाही. ‘आम्ही डाळिंबाच्या मागे लागलो आणि सगळ्यांनी एकच लावलं,’ ते म्हणाले. ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच झाड. रोगाला काय, रस्ताच मिळाला.’

मी रेकॉर्डर लावला नव्हता. पत्रकार म्हणून हळहळले, मुलगी म्हणून बरंच वाटलं.

२०२४ च्या पावसाळ्यात ताग, हुलगा, बाजरी आणि तूर. तागाची फुलं उघडायच्या आत तो कापून तिथेच अंथरला. ऑगस्टमध्ये पहिलं गांडूळ दिसलं. विकत आणलेलं, पळून गेलेलं नव्हे, आपलं आपण आलेलं. आईने मला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. (मी मीटिंगमध्ये होते. सगळ्या टीमने पाहिलं.) त्या दिवाळीत आईची मेथी आली. पालेभाजीच्या जुडीसारखी देखणी नव्हती, पण आमची होती. शेजारच्या मावशींना पहिली जुडी दिली. गांडुळं माफ झाली.

तुमच्याकडे परस नाही?

हरकत नाही, माझ्याकडेही पुण्यात नाही. बाल्कनीत भाजीचं एक प्लॅस्टिकचं कॅरेट आहे. आतून नेटचं कापड, तळाशी पुठ्ठ्याचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. मग सोसायटीतल्या माळीकाकांनी झाडून गोळा केलेला वाळका पाला. ओल्या कचऱ्याच्या एका मुठीमागे सुक्या पाल्याच्या दोन-तीन मुठी, हा साधा अंदाज. वास आला तर समजा सुकं कमी पडलं. काही कुजतच नसेल तर ओलं कमी पडलं. देवाचं निर्माल्य, चहाचा चोथा, भाज्यांची देठं चालतात. शिजवलेलं तेलकट अन्न आणि मांस-मासळी नको, उंदीर येतात. शेण नाही मिळालं तर दोन चमचे आंबट ताक आणि थोडा गूळ पाण्यात घालून शिंपडा, निदान सुरुवातीला धक्का मिळतो. कॅरेट पाल्याने गच्च भरलं तरी दोन महिन्यांत निम्मं होतं, परत भरायचं. चार-पाच महिन्यांनी वरच्या थरात थोडी माती मिसळून मेथी फेकली की झालं.

एक मात्र आहे. भिजलेली माती प्रचंड जड असते, घनमीटरला दीड टनाच्या पुढे. गच्चीवर वाफे करायचे असतील तर आधी इंजिनिअरला विचारा. पाल्याचं खत मातीपेक्षा खूपच हलकं, म्हणूनच दोशींनी चिपाड वापरलं असणार.

आणि घाई असेल तर हा नाद करू नका. हे वीकेण्डला संपणारं काम नाही. सुरुवात वीकेण्डला होते, एवढंच.

आता दोन पावसाळे झालेत. परसाच्या एका भागात अजूनही पहार आपटली की खण्‌ आवाज येतो. मुरूम काही कुठे गेलेला नाही. त्याच्या वर वीतभर जागा आमची झाली आहे. यंदाच्या दिवाळीत आप्पा काकांबरोबर शेतावर जाऊन आले. काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही. फक्त बांधालगतचे दहा गुंठे रब्बीला वाट्याने द्यायचे नाहीत, असं ठरलं आहे, एवढं आईकडून कळलं.

काल रात्री आप्पांचा फोन आला. ते फोनवर तीस सेकंदांपेक्षा जास्त बोलत नाहीत.

‘कधी येतेस?’

‘शनिवारी.’

‘येताना खोकी आण. जास्त आण. आणि टेप तिकडेच काढून आण, मागच्या वेळी अर्धा दिवस त्यातच गेला.’

फोन ठेवला. आज सकाळपासून मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकून बसले आहे : कुणाकडे फ्रिजचं खोकं आहे का?